पाटी वाचता येईना



आज आम्ही फळा पुसून ठेवला आहे. आज नवा धडा नाही. आज एका प्रवासाची हकीकत सांगायची आहे. ही हकीकत आमच्या फजितीची आहे. ती सांगायला थोडी लाज वाटते. पण तुमच्यापुढं ती सांगणं आमचं काम आहे. का, ते शेवटी कळेल.

यंदाच्या थंडीत आम्ही दोघे श्रीलंकेला जाऊन आलो. लंका म्हटली की आपल्याला रावण आठवतो आणि सोन्याची नगरी आठवते. परत आल्यावर आपल्या गावातल्या एका आजोबांनी आम्हांला पहिलाच प्रश्न केला, "काय हो, सोन्याची कौलं दिसली का?" आम्ही म्हटलं, "नाही आजोबा. लाल मातीची कौलं दिसली. आपल्या कोकणात असतात तशीच."

श्रीलंका हे बेट आहे. आपल्या देशाच्या अगदी दक्षिणेला आहे. रामेश्वरच्या पुढं धनुष्कोडीचं टोक आहे. तिथून मधला समुद्र सुमारे ३० किलोमीटर. पलीकडं लंका. या देशाला पूर्वी सिलोन म्हणत. जुन्या माणसांना रेडिओ सिलोनवरची गाणी आठवत असतील. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी हा देश स्वतंत्र झाला. म्हणजे आपल्यानंतर सहा महिन्यांच्या आत. १९७२ साली त्याचं नाव श्रीलंका झालं.

कोलंबो हे तिथलं सर्वांत मोठं शहर. तिथून एक रस्ता समुद्राच्या काठाकाठानं दक्षिणेला जातो. आधी कळुतर लागतं, मग गॉल, मग मातर. क्रिकेटचा सामना ऐकणाऱ्यांना गॉल माहीत असेल. कोलंबो ते मातर हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. आता आतल्या बाजूनं नवा रुंद रस्ता झाला आहे. तो २०११ साली गॉलपर्यंत सुरू झाला. त्यानं गेलं की लवकर पोचता येतं. पण आम्हांला माणसं पाहायची होती, गावं पाहायची होती. म्हणून आम्ही जुन्या रस्त्यानं साध्या गाडीनं निघालो.

कोलंबोत पेट्टा नावाचा भाग आहे. आपला पेठ शब्द आहे ना, तसाच हा शब्द. गर्दीही पेठेसारखीच. तिथं गाड्यांचा स्टँड आहे. लाल गाड्या सरकारी. आपल्या एस.टी.ची आठवण यावी अशा. बाकीच्या खाजगी. कंडक्टर दारात लोंबकळतो आणि गावांची नावं भराभर ओरडतो.

आम्ही पाट्यांकडं पाहिलं. आणि मंडळी, आमच्या पोटात गोळा आला.

एकही अक्षर लागेना!

सिंहली अक्षरं गोल गोल असतात. एकीत एक गुंतलेली. जणू कुणी कढईत जिलब्या सोडल्या आहेत. पूर्वी तिथं ताडपत्रावर लोखंडी काट्यानं लिहीत. आडवी रेघ ओढली तर पान फाटे. म्हणून अक्षरं गोल झाली, असं तिथले लोक सांगतात. अक्षरं सुंदर खरी. पण आम्हांला त्याचं काय? आम्ही वर्गात तुम्हांला शिकवणारे. वीस वर्षं पुस्तकं वाचत आलेले. आणि त्या स्टँडवर आम्ही ठार निरक्षर होतो.

मोठ्या पाट्यांवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या होत्या. तिथं आमचं निभावलं. शिवाय आकडे आपल्या मोबाईलवर असतात तसेच. गॉलच्या गाडीचा क्रमांक २. तो आकडा पाहून आम्ही चढलो. आकड्यांनी आमची अब्रू राखली.

आत शिरलो. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं रिकामं होतं. आम्ही खूश होऊन बसलो. वर भिंतीवर काहीतरी लिहिलं होतं. पण ते कुठं वाचता येत होतं? पुढच्या थांब्यावर एक भिक्षू चढले. भगवं वस्त्र, मुंडण केलेलं डोकं. सगळी गाडी आमच्याकडं पाहू लागली. कुणी रागावलं नाही. एका मुलानं हळूच वरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं. मग उमगलं. ती जागा भिक्षूंसाठी राखून ठेवलेली. आम्ही गडबडीनं उठलो. कान तापले होते. उजेडात, सगळ्यांच्या देखत लिहिलेलं होतं, आणि ते आमच्यापुरतं नव्हतंच.

गाडी पुढं निघाली. उजव्या हाताला समुद्र. त्याच्या काठानं आगगाडीचे रूळ. डाव्या हाताला माडांच्या बागा. हवा उष्ण आणि दमट. अंगातला सदरा पाठीला चिकटून बसला होता. गाडी थांबली की शहाळेवाले खिडकीशी येत. तिथलं एक शहाळं पिवळ्या-केशरी रंगाचं असतं. त्याला तंबिली म्हणतात. पाणी गोड, आणि तहान पुरती भागते.

कळुतर गावाशी मोठी नदी आहे. तिचं नाव कळु गंग. कळु म्हणजे काळी. गंग म्हणजे नदी. तिथं कुठल्याही नदीला गंगाच म्हणतात. पुलाशी रस्त्याला लागून बोधिवृक्ष आहे. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ. गाडी तिथं थांबली. कंडक्टर उतरला, पेटीत नाणी टाकली, हात जोडले आणि परत आला. बसल्या जागी उतारूंनीही हात जोडले. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून ही रीत. आपले ड्रायव्हर घाटाच्या तोंडाशी देवीला नारळ वाढवतात, तशीच.

पुढं माडांच्या शेंड्यांकडं पाहून आम्ही चकित झालो. एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत वरच्या वर काथ्याचे दोर बांधलेले. त्यांवरून एक माणूस चालत होता! आपल्या कोकणात भंडारी लोक माडी काढायला माडावर चढतात. एक माड झाला की खाली उतरतात, मग दुसऱ्यावर चढतात. तिथं उतरणं नाही. माणूस पायाखालच्या दोरावर चालतो आणि वरचा दोर हातानं धरतो. माडाच्या पोयीला चीर देतो. रस मडक्यात गोळा करतो. ताजा रस गोड असतो. आंबला की त्याची माडी होते. काम मोठं जोखमीचं. दोर तुटला, पाय निसटला, की संपलं. आम्ही खिडकीतून पाहत होतो आणि आमचेच तळपाय घामेजले होते.

आता जरा जड गोष्ट सांगायची आहे.

हिक्कडुव गावाच्या थोडं अलीकडं पेरलिय नावाचं खेडं आहे. तिथं रस्त्याजवळ बुद्धाची उभी, उंच मूर्ती आहे. आम्ही तिथं उतरलो.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता आणि पौर्णिमा होती. लंकेत पौर्णिमेला सुटी असते. कोलंबोहून एक आगगाडी माणसांनी भरून दक्षिणेला चालली होती. त्या सकाळी दूर सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला होता. त्यानं समुद्राचं पाणी ढवळून निघालं. सुमारे दोन तासांत लाटा लंकेच्या किनाऱ्याला येऊन भिडल्या. यालाच त्सुनामी म्हणतात. पहिल्या लाटेनं पेरलियला आगगाडी थांबली. गाडी मोठी, जड. तिचा आधार वाटून गावची माणसंही तिच्यात चढली. काही टपावर चढली. मग समुद्र मागं हटला. फार मागं हटला. आणि त्यानंतर जी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती. तिनं डबे रुळांवरून उचलून फेकून दिले. त्या एका जागी हजाराहून जास्त माणसं गेली. साऱ्या देशात तीस हजारांहून जास्त गेली. त्याच दिवशी आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही हाहाकार झाला.

मंडळी, समुद्र एकाएकी लांब मागं हटणं, ही एक खूण आहे. तिचा अर्थ असा की, पाहायला थांबू नका, उंच जागेकडं पळा. पण त्या दिवशी ही खूण फार थोड्यांना ठाऊक होती. कितीतरी किनाऱ्यांवर माणसं उघडा पडलेला तळ आणि तडफडणारे मासे पाहायला खाली गेली. त्याच सकाळी थायलंडच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांची एक इंग्रज मुलगी होती. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला ती त्सुनामीची लक्षणं शिकली होती. समुद्राचं वागणं पाहून तिनं ओरडून सांगितलं. तिच्या आईबापांनी इतरांना सावध केलं. त्या किनाऱ्यावरची माणसं वाचली. एका लहान मुलीला ती खूण वाचता आली, आणि तिनं ती दुसऱ्यांना सांगितली. एवढंच.

आता त्या रस्त्यावर ठिकठिकाणी पाट्या आहेत. लाटेचं चित्र आणि बाण. लाट आली तर कुठं पळायचं ते बाण दाखवतो. त्या पाट्या मात्र आम्हांला वाचता आल्या. चित्राला लिपी लागत नाही.

संध्याकाळी गॉलला पोचलो. गॉलला समुद्रात घुसलेला मोठा किल्ला आहे. तो १५८८ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतला. १६४० साली डचांनी तो जिंकला आणि चांगला भक्कम केला. पुढं १७९६ साली इंग्रज आले. किल्ल्याच्या आत अजून घरं आहेत, दुकानं आहेत, शाळा आहेत. २००४ साली बाहेरच्या गाड्यांच्या स्टँडवर पाण्यानं कहर केला. आतलं गाव जुन्या तटानं पुष्कळ वाचवलं.

पोर्तुगीज गेले, पण शब्द ठेवून गेले. आपण पाव म्हणतो, ते पान म्हणतात. आपला साबण, त्यांचा सबन. आपलं अननस, त्यांचं अन्नासि. हे शब्द दोन्हीकडं एकाच गलबतातून उतरले. आणि त्याहून जुनं नातंही आहे. सिंहली भाषा आपल्या मराठीच्या कुळातलीच. भाताला ते बत म्हणतात. गावाला गम म्हणतात. आठ म्हणजे अट, दहा म्हणजे दहय. जेवणावळीत हे शब्द ऐकले की घरचं कुणी भेटल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी आमची खरी फजिती झाली.

आम्हांला कोग्गलला जायचं होतं. गॉलपासून अर्ध्या तासाची वाट. तिथं मार्टिन विक्रमसिंह या मोठ्या सिंहली लेखकाचं जन्मघर आहे. त्यांचा जन्म १८९० चा, मृत्यू १९७६ चा. घराशेजारी जुन्या गावगाड्यातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. शेतीची अवजारं, मडकी, मुखवटे. ते आम्हांला पाहायचं होतं.

स्टँडवर लहान लहान गाड्या उभ्या होत्या. काचेवरच्या पाट्या नुसत्या सिंहलीत. मोबाईल खिशात होता, पण त्यात तिथलं कार्ड घातलेलं नव्हतं. शेजारी दहा माणसं उभी होती. कुणालाही विचारता आलं असतं. पण आम्ही विचारलं नाही.

का नाही विचारलं? लाज वाटली. आपण शिकलेली माणसं. चार लोकांत कसं म्हणायचं, की मला वाचता येत नाही? एका कंडक्टरनं गावांची नावं घेतली. त्यात "कोग्गल" ऐकू आल्यासारखं वाटलं. चढलो.

गॉलहून कोग्गलला जाताना समुद्र उजव्या हाताला पाहिजे. दहा मिनिटं झाली, समुद्र नाही. वीस मिनिटं झाली, समुद्र नाही. भाताची खाचरं आली. मग दालचिनीची झुडपं आली. मग टेकड्या आणि चहाचे मळे. गाडी समुद्राकडं पाठ करून चालली होती. आम्हांला ते कळत होतं. तरी आम्ही गप्प. मनाशी म्हणत होतो, पुढं वळण असेल. मंडळी, लाजेपायी माणूस डोळ्यांदेखत चुकीच्या गाडीत बसून राहतो. हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

शेजारी एक म्हातारी बसली होती. पांढरी साडी, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं आमचे चेहरे पाहिले असावेत. ती म्हणाली, "कोहेद यन्ने?" आम्ही सिंहली शिकलेलो नाही. पण मराठी कानाला "कोहे" म्हणजे "कुठे" हे आपोआप लागलं. आम्ही म्हटलं, "कोग्गल."

ती हसली नाही. तिनं कपाळाला हात लावला आणि कंडक्टरला हाक मारली. गाडी थांबली. कंडक्टरनं पुढचे पैसे परत केले. म्हातारी आमच्याबरोबर खाली उतरली. तिचं गाव अजून पुढं होतं, तरी उतरली. "पुता, पुता," असं काहीतरी म्हणत होती. पुता म्हणजे मुलगा. आपला पूत. तिनं पिशवीतून कागदाचा कपटा काढला. उलटीकडून आलेल्या एका शाळकरी मुलाकडून पेन मागून घेतलं. आणि त्या कपट्यावर चार गोल अक्षरं काढली. मग गाडीच्या काचेकडं बोट केलं, कागदाकडं बोट केलं, आणि दोन बोटं एकमेकांशी जुळवली. म्हणजे, ही अक्षरं आणि पाटीवरची अक्षरं जुळली, तरच चढायचं.

परतीची गाडी आली. तिच्या कंडक्टरला तिनं सगळं बजावलं. आम्ही पैसे देऊ केले, तर तिनं आमचा हात मागं लोटला. ऊन रणरणत होतं. ती पुढच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला छत्री उघडून उभी राहिली.

गॉलच्या स्टँडवर आम्ही तो कपटा पाटीला लावून लावून पाहिला. पहिली गाडी, नाही. दुसरी, नाही. चौथ्या गाडीवर अक्षरं जुळली! पहिलं अक्षर जुळलं, दुसरं जुळलं, सगळी जुळली. तुम्ही वर्गात पहिल्यांदा आपलं नाव वाचलंत, तेव्हा तुमचे चेहरे कसे झाले होते, ते आम्हांला आठवलं. तसेच आमचे झाले असतील.

त्या देशात १९४५ सालापासून शिक्षण मोफत आहे. कन्नंगर नावाच्या शिक्षणमंत्र्यांनी ते घडवून आणलं. खेड्यापाड्यांतली बहुतेक माणसं लिहिती-वाचती आहेत. म्हणून बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या बाईला चटकन चार अक्षरं काढता आली. आणि आमची वाट सरळ झाली.

मग कोग्गल पाहिलं. पुढं समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणारे कोळी पाहिले. आता त्यांतले पुष्कळजण पाहुण्यांनी फोटो काढावा म्हणून बसतात आणि पैसे घेतात. पोटासाठी कुणी काय करावं, याला आपण काय बोलणार?

मातरला एका टपरीवर मडक्यातलं म्हशीचं दही घेतलं. दुकानदारानं विचारलं, "पॅणि?" आम्ही म्हटलं, "हो हो, पाणी द्या." त्यानं दह्यावर काकवीसारखा काळा पाक ओतला! सिंहलीत पॅणि म्हणजे पाक. पाण्याला ते वतुर म्हणतात. दही फार गोड लागलं. पण या वेळी आम्ही लाजलो नाही. आम्ही मोठ्यानं हसलो, तोही हसला. मग त्यालाच विचारून विचारून आम्ही दहा शब्द शिकलो.

आता शेवटचं.

मागल्या वर्षी आपल्या वर्गातल्या एक बाई नातवाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. येताना चुकीच्या एस.टी.त बसल्या. रात्र झाली. पोराला घेऊन दोन कोस चालत आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्यांना म्हणालो, "अहो, तोंड नव्हतं का? विचारायचं नाही का कुणाला?" सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो.

त्या बाई आज इथंच बसल्या आहेत. बाई, आमचं चुकलं. लाज तोंड कसं बांधून टाकते, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे. त्या म्हातारीला आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. तिनंच आम्हांला विचारलं.

म्हणून मंडळी, एक काम सांगतो. हाच आजचा धडा समजा. आता तुम्हांला पाटी वाचता येते. स्टँडवर गेलात की आपली गाडी मिळाली म्हणून लगेच चढू नका. जरा आजूबाजूला पाहा. कुणीतरी पाटीकडं नुसतं पाहत उभं असेल. विचारायला लाजत असेल. त्याच्याजवळ जा आणि आपण होऊन विचारा, "कुठं जायचंय, बाबा?"

तो कपटा आम्ही वर्गातल्या कपाटावर चिकटवला आहे. जाताना पाहून जा. अक्षरं चारच आहेत.

राम राम.